हरिभाऊंचा रोजचा शेजार : कादंबरी लिहिणाऱ्यांसाठी एक रीत

कादंबरी लिहिणाऱ्याने रोजच्या सोबतीसाठी एखादा जुना लेखक निवडताना त्याची थोरवी पाहू नये, त्याच्याशी आपले जमते का ते पाहावे. झोप नीट झालेली नसताना, दाराशी गॅसवाला उभा असताना आणि आपले स्वतःचे प्रकरण आठवडाभर अडलेले असतानाही ज्याची चार पाने सकाळी वाचवतात, तो लेखक या कामाचा. माझ्यापुरते सांगायचे तर ते हरिभाऊ आपटे आहेत. माझ्या दुसऱ्या कादंबरीत एक सासू साखरेचा डबा उघडते, एवढाच प्रसंग मला तीन महिने लिहिता येत नव्हता. त्या काळात ग्रंथालयातून आणलेली, पाठीचा कापडी पट्टा सुटलेली ‘पण लक्षात कोण घेतो?’ची एक जुनी प्रत माझ्या टेबलावर आली आणि तेव्हापासून हा शेजार चालू आहे. पुढे जे लिहिले आहे ती त्या शेजारातून बसलेली रीत आहे. ज्यांचा लाडका लेखक वेगळा असेल त्यांनी ती आपल्या लेखकाच्या मापाने बेतून घ्यावी.

सुरुवात कोठून करावी, हा प्रश्न हरिभाऊंच्या बाबतीत महत्त्वाचा आहे, कारण शाळेत त्यांची ओळख बहुतेकांना ‘उषःकाल’ किंवा ‘गड आला पण सिंह गेला’ या ऐतिहासिक कादंबऱ्यांमधून होते आणि तेथेच थांबते. त्या कादंबऱ्या वाचनीय आहेत, परंतु रोजच्या जगण्याकडे बघायला शिकायचे असेल तर त्यांच्या सामाजिक कादंबऱ्यांकडेच जावे लागते. ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही पहिली घ्यावी आणि ती पचल्यावर ‘मी’ घ्यावी. हरिभाऊ १९१९ मध्ये वारले, त्यामुळे प्रताधिकार केव्हाच संपला आहे आणि निरनिराळ्या प्रकाशकांच्या आवृत्त्या मिळतात. तरीही शक्य असेल त्यांनी पुणे नगर वाचन मंदिर, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय किंवा मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय अशा जुन्या संस्थांमध्ये जाऊन एखादी जुन्या लेखनपद्धतीची प्रत निदान चाळून पाहावी. त्याचे कारण पुढे, उतरवून काढण्याच्या संदर्भात येईल.

वाचण्याचा वेग हा या रीतीचा कणा आहे. ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी हरिभाऊंनी १८९० मध्ये सुरू केलेल्या ‘करमणूक’ या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली आणि पुस्तकरूपाने १८९३ मध्ये आली. म्हणजे तिच्या पहिल्या वाचकांनी ती एका बैठकीत वाचलेलीच नाही. आठवडाभर थांबून, मधल्या दिवसांत आपापसांत चर्चा करून, कोणाकडून तरी अंक मागून आणून वाचली. आपणही तसेच वाचावे. लिहायला बसण्याआधी वीस मिनिटे, आणि त्यात फार तर एक प्रकरण. पुढचे पान उलटावेसे वाटले तरी उलटू नये, कारण ती अस्वस्थता आपल्या स्वतःच्या पानावर घेऊन बसायची असते. मी पहिल्यांदा हा नियम मोडला आणि पुस्तक तीन रात्रींत संपवले. त्या तीन दिवसांत माझ्याकडून एक ओळही लिहून झाली नाही, कारण माझ्या डोक्यात त्या कादंबरीची नायिका यमुना हिच्याच घरातली माणसे बोलत होती आणि माझ्या माणसांना तोंड उघडायला जागा उरली नव्हती.

आता उतरवून काढण्याविषयी. हे काम शाळकरी वाटते आणि म्हणूनच लोक ते टाळतात. माझ्या मते या सगळ्या रीतीतला सर्वांत फायद्याचा भाग तोच आहे. वाचलेल्या प्रकरणातला अर्धा पान मजकूर, ज्यात कोणतेही मोठे संकट घडत नाही असा, शाईच्या पेनाने वहीत जसाच्या तसा उतरवावा. मृत्यूचा किंवा भांडणाचा प्रसंग मुद्दाम निवडू नये. कोणीतरी जेवायला बसले आहे, कोणीतरी निरोप घेऊन आले आहे, अशी जागा निवडावी. जुन्या प्रतीतून उतरवताना अनुस्वारांपाशी हात अडखळतो. ‘केलें’, ‘घरांत’, ‘मीं’ अशी ती लेखनपद्धती आहे, आणि कर्ता म्हणून आलेल्या ‘मीं’वरचा अनुस्वार ठेवायचा म्हटले की त्या वाक्यात काम कोण करते आहे याकडे आपोआप लक्ष जाते. नव्या आवृत्त्यांत हे अनुस्वार बहुधा गेलेले असतात, त्यात चूक काही नाही, पण हाताला मिळणारा तो धक्का त्यांत नसतो. दुसरी गोष्ट वाक्याच्या लांबीची. हरिभाऊंचे वाक्य पुष्कळदा लांबते, वळते, मध्येच एखादी शंका घेते आणि मग क्रियापदापाशी येऊन टेकते. डोळ्यांनी वाचताना हे लांबण कंटाळवाणे वाटण्याचा संभव असतो, पण हाताने लिहिताना लक्षात येते की बोलणारी बाई एकाच दमात बोलते आहे, मध्ये थांबली तर तिला पुढे बोलू देणार नाहीत याची तिला सवय आहे. माझ्या कादंबरीतल्या सुनेची वाक्ये मी तोवर आजच्या रिवाजाप्रमाणे तुकड्यातुकड्यांनी लिहीत होते. उतरवण्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी तिची एक तक्रार सलग, एका पूर्णविरामात लिहून पाहिली आणि पहिल्यांदाच ती कोणाची तरी सून वाटली.

उतरवून झाल्यावर वहीच्या समोरच्या पानावर एकच प्रश्न लिहावा : या प्रसंगात कोण कोठे उभे आहे आणि कोणाला काय ऐकू येते? हरिभाऊंच्या जगात घर म्हणजे ओटी, माजघर, स्वयंपाकघर, परसू आणि माडी. पुरुष ओटीवर आणि बायका आत, त्यामुळे बायकांच्या आयुष्याचे निर्णय पुष्कळदा त्यांना दिसत नाहीत, फक्त दाराआडून ऐकू येतात. यमुना आपली कहाणी स्वतः सांगते, आणि तिला सांगता येण्याजोगे बरेचसे असे कानावर पडलेले, अर्धवट कळलेले आणि नंतर अर्थ लागलेले आहे. आपल्या फ्लॅटमध्ये माजघर नसते, पण आवाज अडवणाऱ्या आणि पोचवणाऱ्या जागा असतातच : स्वयंपाकघराची सरकती खिडकी, बाल्कनीतले वॉशिंग मशीन, जिन्याचा वळसा, बंद दारामागचा स्पीकरवर टाकलेला फोन. आपल्या प्रकरणातल्या प्रत्येक माणसाच्या नावापुढे तो कोठे आहे आणि त्याला कोणते वाक्य ऐकू आलेले नाही, हे लिहून काढावे. हे करायला दहा मिनिटे लागतात आणि त्यातून पुष्कळदा पुढचे प्रकरण निघते, कारण ज्याने अर्धे ऐकले आहे तो माणूस काहीतरी करून बसतो.

साखरेच्या डब्याचे उदाहरण येथे जवळून दाखवते. माझ्या पहिल्या खर्ड्यात असे होते : ‘सासूबाई अत्यंत काटकसरी होत्या आणि सुनेवर त्यांचा विश्वास नव्हता.’ हे वाक्य खरे होते, पण मेलेले होते, आणि त्याच्यापुढे मला जाता येत नव्हते. सासूचा स्वभाव एकदा सांगून टाकल्यावर तिला करायला काही शिल्लकच राहिले नव्हते. वर सांगितल्याप्रमाणे कोण कोठे आहे हे लिहिताना मी सासूला फळीपाशी आणि सुनेला ओट्यापाशी उभे केले, दोघींची तोंडे विरुद्ध दिशांना. मग ते असे झाले : ‘सासूबाईंनी साखरेचा डबा फळीवरून काढला, झाकण उघडले, हलक्या हाताने साखर सारखी केली आणि तिच्यावर बोटाने एक रेघ ओढली. डबा जागेवर ठेवून त्या म्हणाल्या, “चहाचं आधण ठेवलंस का गं?”’ सुनेने मागे वळून पाहिलेले नाही. तिला फक्त झाकणाचा आवाज आला आहे. चार दिवसांनी ती माहेरून आलेल्या भावासाठी दोन चमचे साखर घेते, तेव्हा तिला ती रेघ दिसते. आणि साखर घेऊन झाल्यावर ती उरलेली साखर सारखी करते व आपल्या बोटाने तशीच एक रेघ ओढून ठेवते. तीन महिने अडलेली कादंबरी त्या रेघेवरून पुढे सरकली. यातले एकही वाक्य हरिभाऊंचे नाही आणि असा प्रसंगही मी त्यांच्याकडून घेतलेला नाही. त्यांच्याकडून घेतला तो धीर, एवढ्याशा गोष्टीवर अर्धे पान खर्च करण्याचा.

या ठिकाणी एक शंका मला स्वतःला बरेच दिवस छळत होती, ती मांडून ठेवते. यमुनेच्या तोंडून बोलणारा लेखक पुरुष होता. एका बाईने बाईचा आवाज शिकण्यासाठी त्याच्याकडे का जावे? लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ असताना तर हा प्रश्न अधिकच रास्त आहे, आणि माझा सल्ला असा की तेही पुस्तक शेजारी ठेवावेच. परंतु कादंबरीकाराला स्वतःहून वेगळ्या माणसाच्या आत शिरायचे असते, आणि हरिभाऊंनी हे काम एका साप्ताहिकाच्या वाचकांसमोर, तिशीही न गाठलेली असताना करून दाखवले. ते करताना त्यांचा पाय कोठे घसरतो तेही शिकण्यासारखे आहे. अधूनमधून यमुना फार शहाण्यासारखे बोलते आणि तिच्या पदराआडून संपादक डोकावतो. अशा जागांवर मी पेन्सिलीने एक छोटा टिंब देते आणि मग आपल्या हस्तलिखितात तसे टिंब कोठे द्यावे लागतील ते पाहते. माझ्याच एका प्रकरणात सहा निघाले.

वर्तमानपत्र आणि माजघर यांचे नाते हा या अभ्यासाचा पुढचा भाग आहे. ज्या वर्षांत ही कादंबरी अंकाअंकाने येत होती, त्याच वर्षांत पुण्या-मुंबईत काय चालले होते याची एक यादी वहीत करून ठेवावी. लहानपणी लावलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईंचा मुंबईतला खटला नुकताच संपला होता. पंडिता रमाबाईंचे विधवांसाठीचे शारदा सदन १८८९ मध्ये मुंबईत सुरू होऊन १८९० मध्ये पुण्याला आले होते. आगरकरांचा ‘सुधारक’ १८८८ पासून निघत होता. आणि १८९१ च्या मार्चमध्ये संमतिवयाचा कायदा होऊन मुलींच्या संमतीचे वय १० वरून १२ झाले, त्यावरून शहरात केवढे रण माजले होते हे सर्वांना ठाऊक आहे. इतका कडाक्याचा वाद पेटलेला असताना हरिभाऊंनी लिहिले काय, तर एक मुलगी लहानाची मोठी होते, तिचे लग्न होते, नवरा तिला वाचायला शिकवतो, मुंबईच्या बिऱ्हाडात थोडे सुखाचे दिवस येतात, नवरा जातो, आणि मग तिच्या इच्छेविरुद्ध तिचे केशवपन होते. सभेतल्या भाषणांनी जे सांगितले ते त्यांनी एका घराच्या उंबऱ्याच्या आत सांगितले. आजच्या कादंबरीकारालाही हीच सवय लावून घेता येते. आठवड्यातून एकदा वर्तमानपत्रातली एक मोठी बातमी घ्यावी आणि तिचा कोणता भाग आपल्या पात्रांच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचेल, कोणाच्या तोंडून, किती विपर्यस्त होऊन, हे पाच ओळींत लिहावे. बातमीचे नाव पाच ओळींत आले तर कागद फाडून पुन्हा लिहावे.

आता काय घेऊ नये ते. हरिभाऊ पाल्हाळिक आहेत, हे त्यांच्या चाहत्यांनाही नाकारता येणार नाही. ते वाचकाशी गप्पा मारायला थांबतात, प्रसंग सोडून उपदेशाकडे वळतात. साप्ताहिकाच्या चालीत हे खपून जाते, पुस्तकात बोचते. त्यांच्या शंकरमामंजींसारखे दुष्ट पात्र त्या काळच्या दांभिकतेवर प्रहार म्हणून प्रभावी आहे, पण तसे पूर्ण काळे पात्र आज कोणी लिहिले तर वाचक त्याच्या बाजूने काही आहे का ते शोधू लागतो, आणि ते बरोबरही आहे. सर्वांत मोठा धोका भाषेचा. रोजच्या उतरवण्याने जुन्या वळणाचे शब्द आपल्या लेखणीत नकळत येऊन बसतात. माझे एक हस्तलिखित ज्या प्रकाशनाकडे दिले होते तेथून ते आठ महिन्यांनी परत आले, आणि सोबतच्या चिठ्ठीत एवढेच विचारले होते की आयटी कंपनीत काम करणारी ही मुलगी ‘तथापि’ असे कोणाशी बोलते. आठ महिने वाट पाहायला लावल्याचा राग मला अजून आहे, पण प्रश्न अगदी बिनतोड होता. तेव्हापासून संवाद लिहून झाले की मी ते मोठ्याने वाचते, आणि उतरवण्याची वही व कादंबरीची वही यांत निदान एक तासाचे अंतर ठेवते. त्या तासात भाजी आणावी, बसने कोठेतरी जाऊन यावे, लोकांचे बोलणे कानात भरून घ्यावे. जुन्या वाक्याचा घाट राहतो आणि जुना शब्द गळून पडतो.

लेखकाच्या पुस्तकांइतकाच त्याचा दिनक्रमही उपयोगी पडतो, म्हणून त्याच्या चरित्रातल्या कामाच्या गोष्टी माहीत करून घ्याव्यात. हरिभाऊंचा जन्म १८६४ मध्ये खानदेशातल्या पारोळ्याचा. कॉलेजात गणिताने त्यांचा घात केला आणि पदवी राहून गेली. पुढे चुलत्यांनी स्थापन केलेल्या आनंदाश्रम या संस्थेचा कारभार त्यांनी सांभाळला, पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषवले, १९१२ मध्ये अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि हे सगळे चालू असताना पंचवीसहून अधिक वर्षे दर आठवड्याला ‘करमणूक’चा अंक काढला. वेळ मिळत नाही म्हणून कादंबरी होत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी एकदा बुधवार पेठेत आप्पा बळवंत चौकाजवळच्या आनंदाश्रमाच्या दारावरून जाऊन यावे. बाहेर पुस्तकांच्या दुकानांची आणि दुचाक्यांची एवढी गर्दी असते की आत संस्कृत पोथ्यांची संस्था आहे हे चटकन ध्यानात येत नाही. आणखी एक दिलासा देणारी बाब म्हणजे त्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ हीदेखील रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराच्या आधारानेच उभी राहिली होती. त्यांच्याआधी बाबा पदमनजींनी १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांच्या दुःखाला कादंबरीत आणले होते आणि त्या नायिकेचे नावही यमुनाच होते. दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून चालायला सुरुवात करण्यात कमीपणा वाटायचे कारण नाही.

साप्ताहिक आपल्याजवळ नाही, पण साप्ताहिकाची मुदत आपल्याला उभी करता येते. त्यासाठी एक वाचक लागतो, फक्त एक, आणि तो साहित्यिक नसलेला बरा. मी माझ्या नाशिकच्या मावशीला दर रविवारी सकाळी एक प्रकरण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते. करार असा आहे की मी मजकूर चुकवायचा नाही आणि तिने कौतुक करायचे नाही. प्रकरण अर्धे असेल तर अर्धे जाते, वाईट असेल तर वाईट जाते. एकदा तापात लिहिलेली सव्वा पाने गेली होती. हरिभाऊंच्याही काही कादंबऱ्या अपूर्णच राहिल्या, पण अंक निघत राहिला. मुदत सांभाळताना हे ध्यानात ठेवावे की एकदा पाठवलेले प्रकरण पुढच्या रविवारपर्यंत दुरुस्त करायचे नाही. चुकीचे गेलेले पुढच्या प्रकरणात निस्तरावे लागते, आणि ते निस्तरताना कथानकाला अशी वळणे मिळतात जी आराखडा करून मिळाली नसती.

साखरेच्या रेघेचे प्रकरण पाठवले त्या दिवशी मावशीचे उत्तर दुपारपर्यंत आले नाही. चारच्या सुमारास तिचा फोनच आला. ती म्हणाली, “अगं, सगळं ठीक आहे, पण डबा फळीवरून काढला की साखर हलते. रेघ कशी राहील? तुझ्या सासूबाईंना एवढं कळत नाही का?” मला उत्तर सुचले नाही. फोन ठेवून मी स्वयंपाकघरात गेले, आमच्या डब्यात साखर सारखी केली, रेघ ओढली, डबा उचलून फळीवर ठेवला आणि पुन्हा खाली काढून उघडला. रेघ निम्मी बुजली होती. प्रकरण जाऊन चुकले होते, म्हणून पुढच्या रविवारच्या प्रकरणात सासूबाईंनी तो डबा फळीवरून उतरवून ओट्याच्या कोपऱ्यात आणून ठेवला, आणि सुनेला पहिल्यांदा काही संशय आला तो डब्याची जागा बदलल्यामुळे.